वसतिगृहाचा जाब कोणी घ्यावा?

शाळांच्या उत्तरदायित्वाविषयी शासनदरबारी पुष्कळ लिहिले जाते. आम्हांस मात्र हा प्रश्न दिवेलागणीनंतर, वर्गांना कुलपे लागल्यावर अधिक जाणवतो.

२०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली होती. माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना ती आठवत असेल. लाखो बनावट नावे उघडकीस आली. ती मोहीम आवश्यकच होती. पण तीत मोजली गेली ती डोकी. पुढे २०१५ साली ‘शाळासिद्धी’ आली : ७ क्षेत्रे, ४६ मानके आणि प्रथम शाळेनेच स्वतःचे करावयाचे मूल्यमापन. आपली उत्तरपत्रिका आपणच तपासण्याचा हा प्रकार! शिवाय निवासी शाळेतील मूल २४ पैकी जे १८ तास वर्गाबाहेर असते, त्यांना त्या ७ क्षेत्रांत स्वतंत्र स्थान नाही. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. आपल्या समाजाच्या शिक्षणाचा जो पाया, तो धोरणाच्या लेखी केवळ पुरवणी ठरला आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. तरतूद उत्तम आहे. परंतु ज्यांची मुले येथे राहतात, ते आईबाप कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सभेस यावेत कसे? कोणी मानोऱ्याकडील तांड्यावरून ऊसतोडीस गेलेले, कोणी पुण्यास बांधकामावर. शकुंतला तर बंदच पडली. एसटीचे भाडे निराळे, बुडालेली मजुरी निराळी. मग कारंजातलेच दोन-चार पालक बसतात आणि उरलेल्या सह्या मागाहून गोळा होतात. आमचीही नोंदवही यास अपवाद नाही, हे लिहिणे भाग आहे.

म्हणून निवासी शाळांसाठी निराळा नियम हवा. पालक गावी परततात त्या दिवसांत सभा व्हावी आणि प्रवासभाडे शासनाने द्यावे. सभेपूर्वी आईने कोठीतले धान्य, मुलींची न्हाणीघरे पाहावीत, आपल्या लेकराशी एकांतात बोलावे. तिचे म्हणणे इतिवृत्तात तिच्याच शब्दांत उतरावे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने प्रथम ते इतिवृत्त वाचावे, रंगरंगोटी नंतर पाहावी. तक्रारीचे काय झाले, हे मुख्याध्यापकांनी पुढील सभेत उभे राहून सांगावे.

शासननिर्णयाची वाट न पाहता येत्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ एप्रिलला, आम्ही अशी सभा बोलावीत आहोत. माजी विद्यार्थ्यांनीही यावे. न्हाणीघरांतील नळ कोणत्या महिन्यापासून आटतात, हे त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे.