लटकी कुस्ती, खरा प्रेक्षक

अमेरिकेत दर सोमवारी रात्री होणाऱ्या ‘रॉ’ या धंदेवाईक कुस्तीच्या कार्यक्रमाचा विषय निघाला की आमचे सुशिक्षित मित्र नाक मुरडतात. ‘‘सगळे आधी ठरलेले असते हो!’’ एवढे म्हटले म्हणजे वाद संपला, असे त्यांस वाटते. आमच्या मते खरा वाद तेथूनच सुरू होतो.

हे गुपित फोडल्याचे श्रेय कोणी घेऊ नये. ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे, असे कंपनीनेच १९८९ साली न्यू जर्सीच्या कायदेमंडळापुढे सांगितले होते. (कर व सरकारी देखरेख टळावी म्हणून सांगितले, हा भाग निराळा.) ‘रॉ’चा पहिला प्रयोग ११ जानेवारी १९९३ चा; म्हणजे त्या कबुलीनंतरचा. नाटकातील राजाला राज्यकारभाराचा जाब विचारावा, तसाच हा आक्षेप आहे.

४ जानेवारी १९९९ ची रात्र पाहा. ‘रॉ’चा त्या दिवशीचा भाग आधीच चित्रित झालेला होता. ‘नायट्रो’ हा प्रतिस्पर्धी कार्यक्रम त्याच वेळी थेट चालू होता. मिक फोली आज तिकडे अजिंक्यपद जिंकणार, असे ‘नायट्रो’च्या निवेदकाने उपहासाने जाहीर केले, हेतू हा की प्रेक्षकांनी तिकडे फिरकू नये. झाले उलटेच! लाखो प्रेक्षक तत्क्षणी ‘रॉ’कडे वळले. रावण मरणार हे ठाऊक असूनही कीर्तनाला गर्दी होते, हे त्या चतुर मंडळींच्या ध्यानात आले नसावे. मार्च २००१ मध्ये ‘नायट्रो’ कायमचा बंद पडला.

या प्रकाराचे खरे वैशिष्ट्य आम्हांस दिसते ते असे, की ही न संपणारी कथा आहे आणि समोर बसलेला समुदाय तिच्यात हात घालतो. प्रेक्षक कितीही ओरडले तरी हॅम्लेट वाचत नाही. येथे मात्र वाचू शकतो. २०१४ च्या आरंभी कंपनीने आपला नायक दुसराच योजला होता. लोकांनी त्याची हुर्यो उडविली, डॅनियल ब्रायनचा आठवड्यामागून आठवडे घोष केला, आणि एप्रिलमध्ये वर्षातील सर्वांत मोठ्या प्रयोगात अजिंक्यपद त्यालाच द्यावे लागले. निकाल ठरलेला होता खरा. पण तो कोणी ठरविला?

मार्च २०२० मध्ये साथीमुळे फ्लॉरिडातील रिकाम्या दालनात प्रयोग सुरू झाले. डाव तेच, मल्ल तेच. परंतु आरोळीला उत्तर देणारे कोणीच नाही. ज्यांनी ते पाहिले त्यांना प्रेक्षक म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

आता रोषच करावयाचा तर त्यास जागा आहे. ‘सगळे खोटे’ म्हणणाऱ्याने आखाड्याखाली काय असते ते पाहावे: लोखंडी तुळया, फळ्या आणि वर पातळशी गादी. पडणे खरे, मान मोडणे खरे. वर्षाचे बावन्न आठवडे चालणाऱ्या या खेळाला विश्रांतीचा ऋतूच नाही. तरीही हे मल्ल कंपनीच्या दप्तरी नोकर नव्हेत, स्वतंत्र कंत्राटदार! निकालाच्या खोटेपणाने ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांनी या एका शब्दाच्या खरेपणाविषयी कधी चौकशी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.