मोटारीची काजळी

गेल्या वैशाखांत आमच्या घरच्या मोटारीस एक विचित्र व्याधि जडली. पोलादपुराहून कशेडीचा घाट चढूं लागलें कीं इंजिनांतून टकटक ऐकूं येई. जणूं पत्र्याच्या डब्यांत कोणी खडेच हालवीत आहे. घरीं पोंचून किल्ली काढून घेतली तरी इंजिन चार-दोन आचके देऊन मगच शांत होई. २०२३ पासून बोगद्यांतून वाहतूक सुरू झाली खरी, पण आमचें घर जुन्या घाटाच्या वाटेवर. मातोश्रींचें वय शहाऐंशी. त्यांस दर पंधरवड्यास औषधोपचारासाठीं महाडास न्यावें लागतें. अर्ध्या चढावर गाडी बसली तर काय, ही धास्ती सर्वांसच होती. एका कारागिरानें इंजिन उघडण्याचा जो खर्च सांगितला, तो ऐकून वहिनींनीं गाडी विकण्याचीच गोष्ट काढली.

गाडी १९९७ सालची, कार्ब्युरेटरची, हें येथेंच सांगून ठेवतों.

कंदिलाची वात फाजील वर केली म्हणजे काच काळी होते, हें गृहिणींस सांगावयास नको. तेल पुष्कळ आणि हवा थोडी, कीं काजळी आलीच. इंजिनांतही तोच प्रकार. पेट्रोल अर्धवट जळालें, किंवा वंगणाचें तेल झिजलेल्या कड्यांमधून वर झिरपलें, कीं दट्ट्याच्या माथ्यावर व झडपांवर कोळशाचें कवच चढतें. त्यानें आंतली जागा कमी होऊन दाब वाढतो. शिवाय त्याचे कण निखाऱ्यासारखे तापून ठिणगी पडण्यापूर्वींच इंधन पेटवितात. टकटक व आचके यांचें मूळ हेंच. पूर्वीं विलायती मोटारींच्या हस्तपुस्तकांत डोकें उतरवून ही काजळी लांकडी पट्टीनें खरडण्याची कृति मालकासाठींच दिलेली असे. आज ती घरीं करूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमच्या पुतण्यानें मात्र कोठेंसें ऐकलें होतें कीं चालू इंजिनांत पाणी सोडलें म्हणजे काजळी निघून जाते. "काका, एक बाटली तर पुरे!" वाफेनें काजळी सुटते हें खोटें नाहीं. परंतु पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं. जरा अधिक शिरलें तर दट्ट्या अडून त्याचा दांडा वाकतो. आम्हीं साफ मनाई केली, व आधीं प्लग काढावयास सांगितले.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढले. वैद्य जीभ पाहतो तसे ते पाहावे. फिकट तपकिरी असेल तर प्रकृति ठीक. ओला, तेलकट काळेपणा असेल तर कडीं किंवा झडपांचे भाग झिजले आहेत; तेथें घरगुती उपाय चालत नाहीं. आमचे प्लग कोरडे व मखमलीसारखे काळे निघाले, म्हणजे पेट्रोल फार, हवा थोडी. हवेची गाळणी उघडली आणि सारा उलगडा झाला. महामार्गाच्या चौपदरीकरणाची तांबडी धूळ तींत अशी गच्च बसली होती कीं झटकल्यावर पुतण्या शिंकून बेजार झाला.

गाळणी नवी घातली, प्लग बदलले. कार्ब्युरेटर साफ करण्याची फवारणी अंगणांत, इंजिन बंद ठेवून केली. वहिनींची उदबत्ती तेवढा वेळ विझवावी लागली, कारण तें द्रव्य क्षणांत पेट घेतें. पुढें टाकींत पॉलिईथरअमीनयुक्त औषध, बाटलीवरील प्रमाणांतच, घातलें. हें जुन्या काजळीस हळूहळू सोडवितें.

नव्या गाड्यांचें तंत्र निराळें. त्यांतील हवेची झडप विजेनें चालते. ती बोटानें ढकलूं नये. ज्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारलें जातें, तेथें हवेच्या झडपांच्या पाठीस पेट्रोलाचा स्पर्शच होत नाहीं. मग टाकींतलें औषध तेथवर पोंचणार कसें? तें काम कारखान्याचेंच.

आमच्या गाडीचे आचके आठवड्यांत थांबले. टकटक दोन टाक्या संपेतों कमी होत गेली. भर उन्हांत भरल्या गाडीनें चढतांना अजून क्वचित् ऐकूं येते. वहिनी आतां विकण्याचें नांव काढीत नाहींत. गाळणी उघडण्याचा दिवस मात्र त्यांनींच दिनदर्शिकेंत, संकष्टीच्या खुणेशेजारीं, लिहून ठेवला आहे.