चित्रकथेची बातमी आणि चित्रकाराचे नाव

२०२५ च्या जुलै महिन्यात सुपरमॅनचा नवा चित्रपट जगभर प्रदर्शित झाला. पुढच्या सोमवारी वृत्तपत्रांतून त्याची जी बातमी आली, तिचा साचा ठरलेला होता. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत १२ कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमला, चित्रपट काढणाऱ्या वॉर्नर कंपनीचा जीव भांड्यात पडला, आता पुढचा चित्रपट केव्हा एवढाच प्रश्न उरला. नभोवाणीवरील निवेदकांनी दोन गाण्यांच्या मध्ये हीच वार्ता उत्साहाने ऐकवली. चित्रकथांवर बेतलेल्या चित्रपटाची बातमी म्हणजे त्याच्या गल्ल्याची बातमी, ही रीत आता इतकी रूढ झाली आहे की तीत काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. ही चित्रकथा मुळात कोणी लिहिली, कोणी काढली आणि त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न त्या बातमीत बहुधा नसतो.

मुलांच्या रंगीत पुस्तकांवर या पानाने आपली जागा खर्चावी काय, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. आम्हाला मात्र ही शंका अनाठायी वाटते. जेथे कोट्यवधींचा व्यवसाय आहे तेथे कोणाचे तरी श्रम आहेत आणि जेथे श्रम आहेत तेथे त्यांचे मोल कोणी व कसे ठरवले हे विचारणे आपले काम आहे. गिरणीतल्या साच्यावर राबणारे हात आपल्याला चटकन दिसतात. कागदावर रेघा ओढणारा हात दिसत नाही, कारण मालाच्या झगमगाटामागे त्याला दडवण्याची कला त्या धंद्याने साध्य केली आहे. या कामी वृत्तपत्रांनी आणि नभोवाणीने धंद्याला कशी साथ दिली, आणि एकदा तरी साथ देण्याचे कसे नाकारले, याची हकीकत सुपरमॅनच्या जन्मापासूनच पाहता येते.

जेरी सीगल आणि जो शुस्टर हे अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरातले, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले दोन मित्र. सीगल लिहीत असे, शुस्टर चित्रे काढीत असे. आपली कल्पना घेऊन त्यांनी अनेक वर्षे प्रकाशकांचे उंबरठे झिजवले. अखेर १९३८ च्या मार्चमध्ये, दोघेही २३ वर्षांचे असताना, एका प्रकाशनसंस्थेने ती घेतली. तेरा पानांचे १३० डॉलर, म्हणजे पानाला १० डॉलर, एवढ्या मोबदल्यात सुपरमॅन या पात्रावरचे सर्व हक्क त्यांनी लिहून दिले. तो करार कायदेशीर होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु एका बाजूला छापखाना व वितरणाची यंत्रणा हाती असलेला प्रकाशक आणि दुसऱ्या बाजूला मंदीच्या काळात काम शोधणारे दोन तरुण, अशा करारात दोन्ही पक्षांची संमती सारख्याच मोलाची असते, असे कामगार चळवळीत चार दिवस काढलेला कोणीही म्हणणार नाही. तो धनादेश २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरांना विकला गेला. ज्या अंकात ती चित्रकथा प्रथम छापली गेली त्याच्या एका प्रतीला २०२४ मध्ये ६० लाख डॉलर मिळाले. निर्मात्यांच्या हाती आलेला कागद आणि त्यांनी निर्माण केलेला कागद, दोन्ही पुढे संग्राहकांच्या तिजोरीत गेले.

पहिल्या वर्षीचा तो सुपरमॅन आजच्यासारखा ग्रहगोलांवर युद्धे खेळत नव्हता. सुरुवातीच्या अंकांत तो शस्त्रांच्या व्यापाऱ्याला धडा शिकवतो. एका कथेत तर तो खाणकामगाराच्या वेषात खाणीत उतरतो आणि मौजेखातर तिथे आलेल्या मालकाला व त्याच्या श्रीमंत पाहुण्यांना खाणीतच अडकवून, सुरक्षेची साधने किती निकामी आहेत हे त्यांना त्यांच्याच घामातून शिकवतो. लक्षात घेण्याजोगी दुसरी गोष्ट अशी की या पात्राचे उघड रूप क्लार्क केंट हा वृत्तपत्राचा बातमीदार आहे. शुस्टरने लहानपणी टोरांटोत वृत्तपत्रे विकली होती. वृत्तपत्र म्हणजे अन्याय चव्हाट्यावर आणण्याचे साधन, ही या दोघांची भाबडी म्हणा, पण मनापासूनची श्रद्धा होती.

नभोवाणीनेही त्या काळात आपले ऋण काही अंशी फेडले. १९४० च्या फेब्रुवारीत सुपरमॅनची नभोनाट्यमाला सुरू झाली. या नायकाला हतबल करणारा ‘क्रिप्टोनाइट’ हा पदार्थ १९४३ मध्ये प्रथम याच मालेत आला. १९४६ मध्ये तिच्या १६ भागांतून वर्णद्वेषी संघटनेच्या दहशतीची कथा सांगितली गेली. एका चिनी वंशाच्या कुटुंबावर बुरखेधारी टोळी हल्ला करते आणि नायक तिचा मुखवटा फाडतो. रोखही स्पष्ट होता. क्लू क्लक्स क्लॅन ही संघटना श्रोत्यांना ओळखू यावी अशीच ती योजना होती. न्याहारीचा माल खपवण्यासाठी प्रायोजित केलेल्या मुलांच्या कार्यक्रमात हे घडले, म्हणून माध्यमाला सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न माध्यम कोणाकडे पाहते आणि कोणाकडे पाठ फिरवते, याचा आहे.

याच काळातली एक घटना या दृष्टीने बोलकी आहे. १९४५ च्या जुलैत न्यू यॉर्कमध्ये वृत्तपत्रे पोचवणाऱ्या कामगारांचा संप १७ दिवस चालला. रविवारच्या चित्रमालिका मुलांना मिळेनात, म्हणून महापौर ला गार्डिया यांनी महापालिकेच्या नभोवाणी केंद्रावरून स्वतः ‘डिक ट्रेसी’ ही चित्रमालिका आवाज काढून, हातवारे करून वाचून दाखवली. त्याचे चित्रीकरण झाले आणि गेली ऐंशी वर्षे ते कौतुकाने दाखवले जाते. त्या संपाच्या निमित्ताने बर्नार्ड बेरल्सन या समाजशास्त्रज्ञाने वृत्तपत्रावाचून वाचकांचे काय अडले याची पाहणी केली आणि तीही प्रसिद्ध पावली. महापौर स्मरणात राहिले, मुले राहिली, वाचकही राहिले. पहाटे गठ्ठे उचलणाऱ्या त्या माणसांनी काम का थांबवले होते, हे मात्र ती गोष्ट सांगणाऱ्या कितीजणांना सांगता येईल?

सीगल आणि शुस्टर यांच्या बाबतीतही हेच होऊ घातले होते. काही वर्षे त्यांना त्याच कंपनीकडून काम मिळाले, कमाईही बरी झाली. परंतु पात्राच्या लोकप्रियतेतून कंपनीला होणाऱ्या लाभाशी तिचे प्रमाण नव्हते. १९४७ मध्ये त्यांनी न्यायालयात धाव घेतली. पुढच्या वर्षी सुमारे ९४ हजार डॉलरांवर तडजोड झाली. काम गेले आणि सुपरमॅनच्या कथांवरची त्यांची नावेही गेली. स्वामित्वहक्काच्या नूतनीकरणाचा दुसरा दावा त्यांनी १९६९ मध्ये गुदरला, पण अपिलातही ते हरले. १९७५ मध्ये सीगल लॉस एंजेलिसमधल्या एका सरकारी कचेरीत टंकलेखनाचे काम करीत होता. शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि तो भावाच्या आश्रयाने राहत होता. दोघेही ६१ वर्षांचे. त्याच वेळी सुपरमॅनवर प्रचंड खर्चाचा चित्रपट निघणार असल्याची बातमी आली.

सीगलने संतापाने एक लांबलचक पत्रक काढले आणि ते देशभरच्या वृत्तपत्रांकडे व प्रसारण केंद्रांकडे धाडले. प्रथम त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. मग नील अॅडम्स हा तरुण चित्रकार आणि जेरी रॉबिन्सन हे व्यंगचित्रकारांचे ज्येष्ठ नेते पुढे सरसावले. त्यांनी दारोदार हिंडून संपादकांना गाठले. ‘वॉशिंग्टन स्टार’ने ही कथा छापली, नोव्हेंबरात ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने छापली, दूरचित्रवाणीवर मुलाखती झाल्या. जगातल्या सर्वांत बलाढ्य नायकाचे जनक विपन्नावस्थेत आहेत, ही गोष्ट घरोघर पोचली. चित्रपटाच्या तोंडावर कंपनीला ही शोभा परवडणारी नव्हती. १९७५ च्या डिसेंबरात तिने दोघांना प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलरांचे निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय खर्च देण्याचे मान्य केले, आणि त्यांची नावे पुन्हा छापण्याचेही. न्यायालयात जे २८ वर्षांत साधले नाही, ते काही आठवड्यांच्या प्रसिद्धीने साधले.

वृत्तपत्राच्या सामर्थ्याचा याहून चांगला दाखला शोधूनही मिळणार नाही. तरीही या विजयाचे माप नीट घेतले पाहिजे. १९७८ मध्ये तो चित्रपट आला. नायकाच्या पित्याच्या भूमिकेसाठी मार्लन ब्रँडो यांना ३७ लाख डॉलर मिळाले. लाभातला वाटा निराळा. निर्मात्यांपैकी एकाला एवढी रक्कम निवृत्तिवेतनाच्या रूपाने मिळायची तर १८५ वर्षे जगावे लागले असते. हक्क कंपनीकडेच राहिले. जे मिळाले ते कंपनीने लाजेकाजेस्तव दिले. कायद्याने त्यावर अधिकार सांगता येत नव्हता. आणि हे प्रकरण प्रसिद्धीच्या झोतात आले ते त्या दोघांच्या हलाखीमुळे. सीगल सुस्थितीत असता तर त्याच्या न्याय्य मागणीची बातमी झाली असती काय? अन्याय झाला म्हणून नव्हे तर अन्यायग्रस्त दीनवाणा दिसतो म्हणून कणव येणे, हा वृत्तपत्री करुणेचा जुना दोष आहे.

ज्यांच्या वाट्याला ही कणव आली नाही त्यांचे काय झाले, हेही पाहू. बॅटमॅनच्या घडणीत मोठा वाटा असलेला लेखक बिल फिंगर १९७४ मध्ये वारला. त्याचे नाव श्रेयनामावलीत अधिकृतपणे घालण्याचे २०१५ मध्ये ठरले. जॅक कर्बीचा अनुभव वृत्तपत्रांच्या दृष्टीने अधिक लाजिरवाणा आहे. ‘फँटॅस्टिक फोर’, ‘हल्क’, ‘थॉर’ ही पात्रे त्याने स्टॅन ली यांच्यासह घडवली. १९६६ च्या जानेवारीत ‘न्यू यॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’च्या रविवार पुरवणीत या दोघांवर लेख आला. त्यात ली प्रतिभेचा झरा म्हणून रंगवले गेले. कर्बी मात्र कपड्यांच्या कारखान्यातल्या मुकादमाच्या मदतनिसासारखा दिसतो, अशी त्याची थट्टा झाली. कर्बीचे वडील खरोखरीच कपड्यांच्या कारखान्यात राबलेले कामगार होते. कामगारासारखे दिसणे हे दूषण कोणाला वाटते, ते या एका वाक्यातून कळते. पुढे कित्येक वर्षे वृत्तपत्रे आणि नभोवाणी मुलाखतींसाठी लींकडेच जात राहिली, कारण ते बोलके होते आणि कार्यालयात बसत होते. कर्बी घरी बसून चित्रे काढीत होता. १९९४ मध्ये तो वारला. त्याच्या वारसांशी कंपनीने समझोता केला तो २०१४ मध्ये, प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात पोचल्यावर.

दोष केवळ मालकांचा आणि बातमीदारांचा नाही, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. अमेरिकेतील चित्रकथांच्या कलावंतांनी १९५२ मध्ये संघटनेचा एक प्रयत्न केला, १९७८ मध्ये दुसरा केला. दोन्ही अल्पायुषी ठरले. प्रत्येकजण घरी बसून एकट्याने काम करणारा, पानावर मजुरी घेणारा, शेजारच्या टेबलावरचा माणूस आपला प्रतिस्पर्धी समजणारा. आपण कलावंत आहोत, कामगार नव्हे, हा अभिमानही आड आला. ज्या धंद्यात पटकथालेखकांची आणि नटांची संघटना आहे, तिथे चित्रपटाच्या कमाईतला वाटा ही नित्याची बाब ठरली. ज्याच्या चित्रावरून चित्रपट निघतो तो मात्र संघटनेअभावी मालकाच्या मर्जीवर राहिला. बातमीने एखाद्याचे दुःख हलके होते. सगळ्यांची मजुरी ठरवून घेण्याचे काम बातमी करू शकत नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण समाधानाचे आहे. १९९१ मध्ये ‘सकाळ’मधून सुरू झालेल्या ‘चिंटू’ या चित्रमालिकेबरोबर चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ही दोन नावे मराठी घरांत पोचली. २०१२ मध्ये त्यावर चित्रपट निघाला तेव्हा चिंटू कोणाचा, असे कोणाला विचारावे लागले नाही. पण ज्यांची मालिका घराघरांत पोचली नाही अशा चित्रकारांचे काय? दिवाळी अंकांतून, बालमासिकांतून, पुरवण्यांतून नगावर मोबदला घेऊन चित्रे काढणाऱ्या किती मराठी चित्रकारांच्या हाती लेखी करार असतो, मूळ चित्र परत मिळते, पुनर्मुद्रणाचा मोबदला मिळतो? पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या नियतकालिकांनीही हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा.

आमची अपेक्षा अवाजवी नाही. चित्रपटाच्या गल्ल्याचा आकडा जरूर छापावा. पण त्याच बातमीत मूळ चित्रकथा कोणाची, तिचे हक्क कोणाकडे आणि निर्मात्याला अथवा त्याच्या वारसांना काय मिळाले, हे सांगण्यास चार ओळी पुरतात. नभोवाणीवरच्या निवेदकाला दोन नावे उच्चारण्यास पाच सेकंद लागतात. ज्या संपादकाला हे सुचत नाही त्याला वाचकांनी पत्र लिहून सुचवावे. १९७५ मध्येही संपादक आपण होऊन जागे झाले नव्हते, त्यांना दोघा चित्रकारांनी जागे केले होते. आणि आपल्या गावातल्या पाटी रंगवणाऱ्यापासून पुरवणीतल्या चित्रकारापर्यंत जे एकेकटे राबत आहेत, त्यांना एकत्र बसवण्याचे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. त्या पहिल्या बैठकीत सांगण्यासाठी १३० डॉलरांच्या धनादेशाची गोष्ट उपयोगी पडेल.