नळ आला, पण पाणी पिण्याजोगे आले का?



हे पान शेतीचे, त्यात शहराच्या नळाची गोष्ट कशाला, असे कुणी विचारील. पण आपल्यापैकी किती जणांची शेती गावाला आणि बिऱ्हाड जळगाव-धुळ्याला आहे, ते आठवून पाहा. पोरं शिकायला खोली करून राहतात. म्हातारी माणसं दवाखान्यासाठी लेकाकडे येऊन राहतात. शहराचा नळ हा आता आपल्याही घरचा प्रश्न झाला आहे.

आपल्याकडे पाण्याची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते : नळ किती दिवसांनी येतो? जळगावकरांचे डोळे वाघूर धरणाकडे. धुळेकरांचे तापी योजना, नकाणे आणि डेडरगाव तलाव, अलीकडे अक्कलपाडा प्रकल्प यांच्याकडे. धुळ्याने आठ-आठ, दहा-दहा दिवसांआड नळ पाहिला आहे. त्यामुळे पाणी आले की आपण खूष! ते कसे आले, हे विचारायचे राहून जाते. खरे तर हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. नळ जितका उशिरा येतो, तितकी पाणी बिघडण्याची भीती जास्त.

नळाची मोटार म्हणजे व्हेंचुरी

ठिबकवाल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पंप बंद केला की मातीतली लॅटरल उलटी ओढ घेते आणि ड्रिपरमध्ये गाळ शिरतो. शहराच्या पाइपलाइनचेही तसेच होते. पाणी दाबाने वाहत असते तोवर गळतीतून ते बाहेर पडते. लाइन रिकामी झाली की त्याच भोकातून बाहेरची घाण आत येते. आणि आपल्याकडे पाण्याची लाइन व गटार बऱ्याच ठिकाणी शेजारी-शेजारी!

त्यात आपण नळाला थेट मोटार लावतो. व्हेंचुरी कशी टाकीतले खत ओढून घेते, तशी ही मोटार कमी दाबाच्या लाइनमधून पाण्याबरोबर गटारही ओढते. शेजाऱ्याचे पाणी तुटते ते वेगळेच. शिवाय ओल्या फरशीवर, अर्थिंग नसलेली मोटार, उघडे वायर आणि घाईत बटण दाबणारा ओला हात. शेतातल्या मोटारीचा शॉक आपल्याला माहीत आहे, घरातली मोटार काही निराळी नसते.

ही भीती कागदावरची नाही. आग्रा रोडने आपल्याला जवळच असलेले इंदूर, स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिला नंबर घेणारे शहर. तिथे भागीरथपुरा भागात डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पिण्याच्या लाइनमध्ये सांडपाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले, काहींचे प्राण गेले. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. तेव्हाही बोट दूषित पाण्याकडेच गेले. रस्ते झाडून स्वच्छ दिसले म्हणजे जमिनीखालची लाइन स्वच्छ असतेच असे नाही.

शेतातून घरात आलेले धोके

आता आपल्या खात्यातले बोलतो. गेल्या पावसाळ्यात शहराच्या कडेला प्लॉटवर राहणाऱ्या एका शेतकऱ्याकडे गेलो होतो. बाईंनी पाणी दिले. मी सहज विचारले, "वहिनी, पाणी कशात साठवता?" त्यांनी मोरीजवळचा निळा ड्रम दाखवला. ड्रम कपाशीच्या फवारणीच्या औषधाचा. "तीनदा सर्फने धुतलाय भाऊ, वास पण नाही येत," म्हणाल्या. दोष त्यांचा नाही. आठ दिवसांचे पाणी साठवायला भांडे लागते आणि हा ड्रम फुकट मिळतो. पण औषध प्लॅस्टिकच्या अंगात मुरते, ते धुऊन जात नाही. असा ड्रम किंवा कॅन भोसकून निकामी करावा, कुणाला देऊ-विकू नये.

दुसरी सवय म्हणजे फवारणीच्या टाकीत नळाची नळी बुडवून ठेवणे. मध्येच नळ गेला की टाकीतले औषधाचे पाणी उलटे लाइनमध्ये ओढले जाते. नळी नेहमी पाण्याच्या वर, हातभर उंच धरा.

तिसरा धोका डोळ्याला दिसत नाही. नवीन प्लॉट भागात नळ नसतो, बोअर असते. आजूबाजूला केळी-कपाशी. केळीच्या एका झाडाला शिफारस २०० ग्रॅम नत्राची. आपण हात सैल सोडून जास्त देतो आणि पाणीही जास्त सोडतो. झाडाने न घेतलेले नत्र नायट्रेट होऊन जमिनीत उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, वरचे दूध या पाण्यात कालवून दिले तर, ते फार घातक ठरते. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. तुरटी आणि मेडिक्लोरही इथे उपयोगाचे नाहीत. आरओ यंत्राने ते बरेच कमी होते. पण युरियाची गोणी मोजून वापरणे हे त्याचे मूळ औषध.

घरी काय करावे

नळ आल्यावर पहिले गढूळ, वासाचे पाणी वापरायला काढा, पिण्याला नको. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. त्यासाठी उकळी फुटेपर्यंत पाणी तापवा, किंवा मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबा. घराच्या टाकीला टीसीएल पावडर वापरायची तर ताजी घ्या, हजार लिटरला पाच ग्रॅम. माठात हात बुडवू नका, ओगराळे ठेवा. साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, झाकून ठेवा. डेंग्यूचा डास अंड्यातून उडायला साधारण आठ-दहा दिवस घेतो आणि आपले पाणीही तितकेच दिवस ड्रममध्ये उभे असते. थंड पाण्याचे जार घेता, तर जारचे पाणी थंड आहे म्हणून शुद्ध आहे असे समजू नका. बोअरचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासा.

मागायचे काय

पण सगळे घरच्या बाईच्या डोक्यावर टाकून चालणार नाही. उकळायला गॅस लागतो, आरओला पैसे लागतात. भाड्याच्या खोलीतल्या पोराकडे दोन्ही नसते. धरणातून पाणी आणायच्या योजनांवर आपण पुष्कळ बोललो. आता गल्लीतल्या शेवटच्या नळाबद्दल बोलू. त्या नळाला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असले पाहिजे. ओ.टी. टेस्टला दोन मिनिटे लागतात, पाणी पिवळे झाले म्हणजे क्लोरीन आहे. आपल्या गावात जलसुरक्षक ही टेस्ट करतो. तशीच शहरातल्या प्रत्येक वॉर्डात, नळ येईल त्या दिवशी, शेवटच्या घरी व्हावी आणि निकाल फलकावर लागावा. नगरसेवक मत मागायला दारात येतील तेव्हा "नळ कधी?" याबरोबर "क्लोरीन किती?" हेही विचारा.

आणि लाइन कायम भरलेली ठेवणे अशक्य नाही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. भरलेल्या लाइनमध्ये गटार शिरत नाही आणि घरात ड्रमही लागत नाही.

पांझरेकाठच्या फड पद्धतीत पाटाची राखण करायला पाटकरी असायचा. पाणी कुठे फुटले, कुठे मुरले, हे तो रोज चालत जाऊन बघायचा. शहराच्या लाइनला असा पाटकरी मिळेपर्यंत निदान आपल्या घरचा ड्रम, मोटार आणि माठ आजच बघून घ्या.