अग्निवीराच्या आईवडिलांना पेन्शन द्या

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार,


9 मे 2025 रोजी, भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीच्या आदल्या दिवशी, नियंत्रण रेषेवर पाकिस्तानच्या माऱ्यात चार वर्षांच्या मुदतीवर सैन्यात भरती झालेले अग्निवीर मुरली नाईक यांना वीरमरण आलं. मूळ गाव आंध्रातलं, पण आईवडिलांनी संसार केला तो मुंबईत, घाटकोपरच्या कामराज नगरात. वडील मजुरी करायचे, आई लोकांकडे घरकाम करायची. मुरली एकुलता एक मुलगा. त्याच आईला पुढे मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. मागणी एवढीच, की नियमित जवानाच्या घरच्यांना जे मिळतं ते आम्हालाही मिळावं.

सरकारनं काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. युद्धात मृत्यू आला तर अग्निवीराच्या कुटुंबाला 48 लाखांचा विमा, 44 लाखांचं सानुग्रह अनुदान, सेवानिधी आणि उरलेल्या मुदतीचा पगार मिळतो. मिळत नाही ती पेन्शन. त्याच आघाडीवर नियमित भरतीतला अविवाहित जवान कामी आला, तर त्याच्या आईवडिलांना ती मिळते.

इतकी रक्कम दिल्यावर पेन्शन कशाला, असं कुणी विचारलं तर त्यांना आमच्या लालबाग-परळला घेऊन या. 1982 च्या गिरणी संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि अनेक कामगारांच्या हाती हिशेबाचे एकरकमी पैसे आले. कितीतरी घरांत आधी देणेकऱ्यांचं भागवलं, मग मुलीचं लग्न झालं, गावचं घर शाकारलं, कुणाचं ऑपरेशन निघालं. उधळपट्टी कुणी केली नाही. पैसा एकदम आला की अडलेल्या गरजाही एकदम दारात येतात, आणि नात्यातल्या माणसाला नाही म्हणवत नाही. काही वर्षांत पासबुक कोरडं.

पेन्शनचं तसं नसतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या इथल्या कुठल्याही बँकेत जा. म्हाताऱ्या बायका पिशवीतून पासबुक काढून खिडकीत सरकवतात, ‘जमा झाली का बघा हो’ म्हणतात आणि तिथून थेट औषधाच्या दुकानात जातात. सरकारी पेन्शन असेल तर महागाईसोबत ती रक्कमही वाढते. कुणापुढे हात पसरावा लागत नाही. ज्यांचा एकुलता एक मुलगा देशाच्या कामी आला, त्यांना याची सर्वांत जास्त गरज आहे.

चार वर्षं पुरी करून घरी परतणाऱ्या अग्निवीराला पेन्शन असावी की नसावी, हा वाद वेगळा. तो जरूर घाला. पण जो परतलाच नाही, त्याच्या बाबतीत मुदतीचा हिशेब कसला करायचा? कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्या अग्निवीरांच्या कुटुंबांना नियमित जवानांइतकेच लाभ द्यावेत, असं संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं फेब्रुवारी 2024 मध्येच सुचवलं होतं. मुरली नाईक गेले त्याच्या सव्वा वर्ष आधी.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. ती शिफारस लागू करा आणि पूर्वलक्षी प्रभावानं करा. बुलडाण्याचे अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनवर कर्तव्यावर असताना गेले. त्यांच्यापासून पुढच्या प्रत्येक घराला पेन्शन मिळू द्या. हे करणं सरकारच्या हातात आहे. न्यायालयानं सांगण्याची वाट पाहू नका.

आपला,
लालबागचा एक रहिवासी