दोन बॉस, एक डोकं

समजा, ऑफिसात तुम्हाला दोन बॉस आहेत. एक एकदम प्रोसेसवाला. तोच फॉरमॅट, तीच वेळ, तीच खुर्ची. जरा इकडचं तिकडे झालं की त्याचा पारा चढतो. दुसरा दर दहा मिनिटांनी नवं काहीतरी काढतो. ‘हे सोड, ते बघ... अरे ते राहू दे, हे काय आहे?’ आणि तुम्ही रिपोर्ट करता दोघांनाही. एकाच वेळी. संध्याकाळपर्यंत तुमचं काय होईल?

माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याच्या डोक्यात हे दोन्ही बॉस जन्मापासून बसलेत. एकाचं नाव ऑटिझम, दुसऱ्याचं एडीएचडी.

म्हणजे बघा, साहेबांना खेळण्यातल्या गाड्यांची रांग लावायची असते. रंगानुसार, एका रेषेत, मध्ये कोणी बोट लावायचं नाही. हा पहिला बॉस. पण सातव्या गाडीला खिडकीबाहेर कबुतर फडफडतं आणि स्वारी पसार! हा दुसरा. पाच मिनिटांनी परत येऊन बघतो तर रांग अर्धीच. मग रडारड. रांग अर्धी सोडली कोणी? त्यानेच. त्रास कोणाला होतो? त्यालाच.

गंमत अशी की, हे दोन्ही एकत्र असू शकतं हे डॉक्टरी पुस्तकांनीच उशिरा मान्य केलं. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानाच्या पुस्तकाची १९९४ ची आवृत्ती सांगायची की, ऑटिझम असेल तर एडीएचडीचं वेगळं निदान करायचं नाही. २०१३ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि ती अट गेली. ज्यांच्याकडे असं मूल होतं ते आईबाप तोवर काय करत असतील, देव जाणे.

आता तुम्ही म्हणाल, एक काय नि दोन काय, फरक काय पडतो? पडतो ना! एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. ऑटिझमसाठी सांगतात, दिवसाचं पक्कं वेळापत्रक ठेवा. ताईने ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो त्याला इतका कंटाळला की तक्ता फाडून त्याचं विमान झालं. एडीएचडीसाठी सांगतात, नावीन्य ठेवा, बक्षीस बदलत राहा. बक्षीस बदललं तर हा घाबराघुबरा. ‘कालचं स्टिकर कुठे गेलं?’

शेवटी जमलं ते असं. चौकट पक्की, आतला माल बदलता. फ्रिजवर चित्रांचा तक्ता आहे. शाळा, खाणं, खेळ, अभ्यास, आंघोळ, झोप. हा क्रम हलत नाही. पण ‘खेळ’च्या चित्राखाली तीन चिठ्ठ्या असतात, त्यातली एक तो उचलतो. काय निघेल ते माहीत नसतं, पण काहीतरी निघणार आणि पावणेपाचलाच निघणार, हे माहीत असतं. दोन्ही बॉस खूष.

बाकी गोष्टीही अशाच, घरगुती. एका वेळी एकच सूचना. ‘चप्पल घाल, पाणी पी, बॅग घे’ म्हटलं तर फक्त चप्पल पोहोचते, तीही एकच. अभ्यास दहा मिनिटं, मग तांदळाचा डबा स्वयंपाकघरातून बाल्कनीत आणि परत. जड काही उचललं की तो शांत होतो. गणित बसच्या नंबरांवर, कारण पुण्यातल्या बसचे नंबर त्याला माझ्या फोन नंबरपेक्षा चांगले पाठ आहेत. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ‘आता वाजणार हं’ अशी आरोळी. गणपतीत ढोल-ताशा लांबून ऐकू आला तरी कानावर हेडफोन.

आणि कधीकधी हे सगळं करूनही बांध फुटतो. तो हट्ट नसतो. हट्टाला काहीतरी हवं असतं, याला काहीच नको असतं. तेव्हा दिवा मंद करायचा, पंख्याखाली बसवायचं आणि आपण गप्प बसायचं. ‘काय झालं? सांग ना’ हे तर अजिबात नाही. शब्द म्हणजे आणखी आवाजच.

औषधाचं काय, असं सगळे विचारतात. एडीएचडीसाठी औषधं आहेत. द्यायची का आणि किती, हा डॉक्टरांचा प्रांत. ऑटिझम ‘बरा’ करणारी गोळी नाही. तशी जाहिरात दिसली तर पान उलटा.

सरकारी कागदावरची गंमत वेगळीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात ऑटिझम आहे, एडीएचडी नाही! म्हणजे प्रमाणपत्र एकाच बॉसचं मिळतं. तरी ते काढून ठेवावं. नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, १ लाखापर्यंतची, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. ज्यांच्या घरी असं मूल आहे आणि हे माहीत नाही, त्यांना हे पान फाडून द्या. 

आता मुद्द्याचं. हे सगळं तुम्हाला का सांगतेय? कारण तो तक्ता माझ्या ताईच्या ऑफिसात ठरतो.

ताई नोकरी करते. तुमच्यामाझ्यासारखीच, लॅपटॉप आणि आयकार्डवाली. केंद्र सरकारी नोकरीत असती तर मुलाच्या संगोपनासाठी पूर्ण नोकरीत मिळून ७३० दिवसांची रजा मिळाली असती. खासगी कंपनीला असं बंधन नाही. तिथे सगळं टीमच्या मूडवर. चारची मीटिंग साडेसहाला सरकली तर तुमची फार तर जिम बुडते. तिच्या घरी फ्रिजवरचं ‘आई आली’ हे चित्र खोटं ठरतं आणि ती रात्र दीड वाजता संपते. दुसऱ्या दिवशी ती नऊला लॉगिन करते, आणि कोणीतरी म्हणतं, ‘काय गं, फ्रेश नाही दिसत?’

यंदा तिने राजीनाम्याचं मेल लिहिलं. पाठवायच्या आधी मॅनेजरशी बोलली. ठरलं असं की, साडेपाच ते साडेआठ तिला कोणी गाठायचं नाही, मग ती पुन्हा लॉगिन करणार. काम तेवढंच, पगार तेवढाच. तीन महिने झाले, चाललंय. ते मेल अजून ड्राफ्ट्समध्ये आहे. पाठवलेलं नाही, पण डिलीटही केलेलं नाही.

थेरपीची फी तिच्या पगारातून जाते. नोकरी गेली तर थेरपी जाते, आणि नोकरी टिकवायला उशिरापर्यंत थांबावं लागलं तर घरची घडी जाते. या दोन टोकांच्या मधला रस्ता तिच्या टीममधल्या पाच-सहा जणांच्या हातात आहे. त्यातल्या कोणालाही ऑटिझमचं स्पेलिंग यायची गरज नाही.

म्हणून मंडळी, तुमच्या टीममध्ये असं कोणी असेल तर तीनच गोष्टी. मीटिंग ठरली की हलवू नका. हलवायचीच असेल तर आदल्या दिवशी सांगा. ‘माझ्या चुलतबहिणीच्या मुलाला अमुक डाएटने फरक पडला’ हे स्वतःजवळ ठेवा. आणि फॅमिली डेला बोलवाल तेव्हा कुठे, किती वाजता, किती माणसं, म्युझिक आहे का, हे सगळं आधी कळवा. नाही आले तरी पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा.

मागच्या शनिवारी चिठ्ठीत ‘मावशीबरोबर बस’ निघालं. तीन बस बदलून आम्ही कुठेच गेलो नाही. नंबर मात्र सगळे बरोबर होते, हे त्याने मला चारदा सांगितलं.

भेटू पुढच्या आठवड्यात. वेळ न बदलता!