थांबण्याचा अधिकार : पीण्यातील कारखाने आणि त्यांचे सर्व्हर

महाराष्ट्रात जी खंडेनवमी, तीच कर्नाटकात आयुधपूजा. बंगळूरच्या वायव्येस तुमकूर रस्त्यालगत पसरलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात त्या दिवशी लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंगची यंत्रे पुसूनपासून लखलखीत केली जातात, त्यांना हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूच्या माळा चढतात आणि दाराशी कोहळा फोडला जातो. अलीकडे या पूजेत जिन्याखालच्या कोंदट खोलीतील एका लोखंडी कपाटालाही स्थान मिळाले आहे. त्या कपाटात कारखान्याचा सर्व्हर असतो. त्यालाही कुंकवाचे बोट लागते, एक फूल वाहिले जाते आणि कपाटाचे दार पुन्हा वर्षभरासाठी लावून घेतले जाते. फरक इतकाच की, पूजेपूर्वी लेथचे तेलपाणी झालेले असते. सर्व्हरच्या वाट्याला मात्र नुसती पूजाच येते.

हा फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. वस्तुतः लहान व मध्यम कारखान्यांच्या आजच्या एका मोठ्या दुखण्याचे मूळ त्यात आहे. यंत्राला देखभाल लागते आणि देखभालीसाठी ते थांबवावे लागते, हे पीण्यातील कोणत्याही फोरमनला शिकवावे लागत नाही. सर्व्हरही एक यंत्रच आहे, त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमलाही ठराविक काळाने दुरुस्त्या लागतात आणि त्या बसविण्यासाठी तोही थांबवावा लागतो, ही गोष्ट मात्र अद्याप अंगवळणी पडलेली नाही.

या कपाटात नेमके असते तरी काय? हिशेबाची वही आता कागदावर राहिलेली नाही. ती सर्व्हरवर असते. कामगारांची हजेरी, पगारपत्रके, कच्च्या मालाच्या नोंदी, गिऱ्हाइकांनी पाठविलेली आरेखने, संगणकनियंत्रित यंत्रांना पुरवावयाच्या आज्ञावली हे सारे तेथेच साठविलेले असते. कोणत्या संगणकावर कोणी बसावे, कोणी कोणती फाइल उघडावी, याची परवानगी देणारा द्वारपालही बहुधा तोच. लेथ बिघडला तर एक लेथ थांबतो. सर्व्हर बिघडला तर माल तयार असूनही बीजक निघत नाही, गाडी फाटकाशी उभी राहते आणि महिनाअखेर असेल तर पगार अडतो. शेवटची झळ ज्याला बसते, त्या कामगाराने तर सर्व्हर बहुधा पाहिलेलाही नसतो.

या सर्व्हरची राखण ज्याच्याकडे असते, त्याला कारखान्यात ‘आयटीवाला’ एवढेच म्हणतात. पुष्कळदा तो पूर्णवेळ नोकरही नसतो. पाचसात कारखान्यांची कामे सांभाळत तो दुचाकीवरून फिरत असतो. छपाईयंत्राची शाई बदलण्यापासून साहेबांचा विसरलेला पासवर्ड नवा करून देण्यापर्यंत सर्व कामे त्याचीच. मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, भारतात रात्री उशिरा, प्रसिद्ध होतात; २००३ पासून हा परिपाठ चालू आहे. म्हणजे दुरुस्ती कधी येणार हे त्याला आधीच ठाऊक असते. ती बसवायची कशी हेही तो जाणतो. त्याच्यापाशी नसतो तो सर्व्हर दोन तास थांबविण्याचा अधिकार. ‘या आठवड्यात माल जायचा आहे, पुढच्या आठवड्यात पाहू,’ हे उत्तर त्याला महिन्यामागून महिने ऐकावे लागते. आणि तो पुढचा आठवडा काही उगवत नाही.

या दिरंगाईची किंमत जगाने २०१७ साली पाहिली. विंडोजमधील फाइलींच्या देवाणघेवाणीच्या व्यवस्थेत एक गंभीर दोष होता. त्यावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाली. त्याच दोषातून शिरणारा ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम १२ मे रोजी पसरला. मध्ये जवळजवळ दोन महिने गेले होते. तरीही इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश न्यासांचे काम विस्कळीत झाले आणि रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. औषध कपाटात होते. ते घेण्यास सवड झाली नाही, एवढाच या घटनेचा अर्थ.

त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ आला आणि त्याची झळ थेट महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली. मर्स्क या डॅनिश नौवहन समूहाचे संगणक बंद पडल्यामुळे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलवरील मालाची चढउतार खोळंबली. या समूहाला पुढे सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. घाना देशातील कार्यालयाचा एक सर्व्हर वीज गेल्यामुळे त्या वेळी योगायोगाने बंद होता. तो वाचला आणि त्याच्यावरील नोंदींच्या आधारे समूहाच्या साऱ्या संगणकजालाची घडी पुन्हा बसविता आली. एवढ्या बलाढ्य समूहाला जेथे वीज जाण्याच्या योगायोगाचा आधार घ्यावा लागला, तेथे वीस कामगारांच्या कारखान्याने कोणत्या योगायोगावर भिस्त ठेवावी?

तथापि कारखानदाराची बाजूही समजून घ्यावयास हवी. ‘चालत्या यंत्राला हात लावू नये,’ हा त्याचा आग्रह अडाणीपणाचा नाही. तो अनुभवातून आलेला आहे. नॉटपेट्याचा प्रवेशच मुळी युक्रेनमधील एका लेखाप्रणालीच्या अपडेटमधून झाला होता. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षाकंपनीने पाठविलेली एक सदोष फाइल जगभरातील सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज संगणकांना घेऊन बसली. ती दीड तासाच्या आत मागे घेण्यात आली, परंतु जे संगणक एकदा पडले ते आपोआप उठेनात. प्रत्येकापाशी माणूस बसवून ती फाइल काढून टाकावी लागली. त्या दिवशी भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. ही फाइल ऑपरेटिंग सिस्टिमची नव्हती हे खरे. पण तिच्या गाभ्यापर्यंत पोहोचलेल्या सुरक्षाप्रणालीची होती. अपडेट न केल्याने घर जळते आणि अपडेट केल्यानेही जळू शकते, असे असताना कारखानदाराने हात आखडता घेतला तर त्याला एकदम दोष देता येत नाही.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. थांबावे की थांबू नये, हा प्रश्न कारखानदारापुढे नाहीच. सर्व्हर केव्हातरी थांबणारच आहे. तो आपण ठरविलेल्या रविवारी दोन तास थांबावा, की दुसऱ्या कोणी ठरविलेल्या दिवशी दोन आठवडे थांबावा, एवढीच निवड त्याच्या हाती आहे. आणि अपडेटमध्ये धोका असतो म्हणून अपडेटच टाळणे हा त्यावरील उपाय नव्हे. अपडेट करण्याची रीत सुधारणे हा उपाय आहे.

ही रीत शिकण्यासाठी पीण्याला दूर जावे लागणार नाही. १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेलेला ‘आर्यभट’ हा भारताचा पहिला उपग्रह याच पीण्यातील औद्योगिक शेडांमध्ये, प्रा. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली घडला. उपग्रहांचा मागोवा घेणारे आणि त्यांना आज्ञा देणारे इस्रोचे ‘इस्ट्रॅक’ केंद्र आजही पीण्यातच आहे. मंगळयान मंगळाजवळ पोहोचले तेव्हा त्याचे मुख्य इंजिन सुमारे तीनशे दिवस निष्क्रिय होते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते सुमारे चोवीस मिनिटे चालवावयाचे होते. शास्त्रज्ञांनी त्यासाठीच्या आज्ञा कित्येक दिवस आधी यानावर चढवून ठेवल्या आणि २२ सप्टेंबरला तेच इंजिन सुमारे चार सेकंद चालवून पाहिले. चार सेकंदांची ही चाचणी हाच सर्व्हर-व्यवस्थापनाचाही सारांश आहे : मोठे पाऊल टाकण्यापूर्वी लहान पाऊल टाकून पाहावे आणि जमीन घट्ट आहे याची खात्री करून घ्यावी.

हाच नियम कारखान्यास लावला तर पुढील क्रम निघतो. दुरुस्ती आली की ती प्रथम एका बिनमहत्त्वाच्या संगणकावर बसवावी आणि काही दिवस वाट पाहावी. त्यानंतर निम्मे संगणक घ्यावेत. हिशेबाचा व परवानग्यांचा सर्व्हर शेवटी घ्यावा. द्वारपाल सर्व्हर दोन असतील तर दोघांना एकाच रात्री कधीही हात लावू नये. धोका उघड झालेला आणि त्याचा दुरुपयोग सुरू झालेला असेल तर ही प्रतीक्षा आखडावी, पण क्रम मोडू नये. प्रत्येक वेळी आधी बॅकअप घ्यावा. तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर आणि त्यांतील एक कारखान्याच्या बाहेर, हा संगणक-व्यवसायातील जुना दंडक येथे उपयोगी पडतो. तथापि बॅकअप घेणे हे अर्धेच काम. त्यातून माल परत बाहेर काढता येतो की नाही, हे वर्षातून दोनदा तरी प्रत्यक्ष करून पाहावे. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, हे कळण्याची वेळ आग लागल्यानंतरची असू नये.

काही यंत्रांच्या बाबतीत मात्र दुरुस्तीचा मार्गच बंद झालेला असतो. पंधरावीस वर्षांपूर्वी घेतलेल्या संगणकनियंत्रित यंत्राबरोबर आलेली विंडोजची आवृत्ती जुनी झाली, परंतु यंत्र ठणठणीत आहे. नवी आवृत्ती त्यावर चालत नाही आणि यंत्र बदलण्याची ऐपत नाही. विंडोज सर्व्हर २०१२ चा नेहमीचा आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. कंपन्यांच्या या तारखा आणि लहान कारखान्याच्या कर्जफेडीच्या तारखा यांचा मेळ क्वचितच बसतो. अशा यंत्रांना उर्वरित जालापासून वेगळे ठेवावे, इंटरनेटचा वाराही त्यांना लागू देऊ नये, हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग होय.

‘पॅच’ या शब्दाला मराठीत सरळ प्रतिशब्द आहे : ठिगळ. परंतु ठिगळ म्हटले की मराठी मनाला दारिद्र्य आठवते. ठिगळ लावलेला सदरा घालून चारचौघांत जाण्याची लाज वाटते. कारखान्यातील अपडेटविषयीच्या अनास्थेत या लाजेचा अंश असावा असे वाटते. विकत घेतलेली वस्तू निर्दोष असलीच पाहिजे, तिला सारखी ठिगळे लागतात म्हणजे ती फसवणूक, असा हा समज आहे. पण याच भाषेत गोधडीही आहे. जुनी लुगडी, जीर्ण धोतरे एकावर एक शिवून घराघरांतील बायकांनी जी ऊब निर्माण केली, ती ठिगळांनीच. कोट्यवधी ओळींची ऑपरेटिंग सिस्टिम निर्दोष असू शकत नाही. ती सतत शिवली जाते म्हणूनच वापरण्यालायक राहते. ठिगळ हे तिच्या दारिद्र्याचे लक्षण नसून तिची काळजी घेतली जात असल्याची खूण आहे.

भाषेचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. पीण्यातील शेडांमध्ये कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी अशा नाना भाषा ऐकू येतात. परंतु सर्व्हरविषयीची प्रत्येक सूचना इंग्रजीत येते. ती वाचणारा एकच माणूस असतो आणि तोही घाईत असतो. यंत्रांच्या देखभालीची वही जशी लोकांच्या भाषेत भिंतीवर टांगलेली असते, तशी सर्व्हरची वही का नसावी? कोणती दुरुस्ती कधी बसविली, कोणी बसविली, काय बिघडले, पूर्वस्थितीत कसे आणले, एवढे चार रकाने कोणत्याही भारतीय भाषेत भरता येतील. व्यवस्थापक आजारी पडला वा नोकरी सोडून गेला तर कारखाना आंधळा होणार नाही, एवढी त्या वहीची किंमत आहे.

‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची वर्दी सहा तासांत द्यावी लागते आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. नियम योग्यच आहे. पण ज्या कारखान्यात नोंदी पाहणारा माणूस आठवड्यातून एकदाच दुचाकीवरून येतो, तेथे सहा तासांचा हिशेब कोणी करावयाचा? एकट्यादुकट्या कारखान्याला हे ओझे पेलणारे नाही. महागडी टूल-रूम प्रत्येकाला परवडत नाही म्हणून सामायिक टूल-रूमची कल्पना निघाली. कुशल टूलमेकर घडविणारी नेत्तूर टेक्निकल ट्रेनिंग फाउंडेशनसारखी संस्था तर पीण्यातच आहे. त्याच धर्तीवर दहापंधरा कारखान्यांनी मिळून एक जाणता व्यवस्थापक पूर्णवेळ नेमावा आणि दुरुस्त्या पारखून पाहण्यासाठी एक सामायिक चाचणी-सर्व्हर उभा करावा. भोसरी, शिरोली, बेळगावचे उद्यमबाग येथील कारखान्यांची गरज याहून निराळी नाही.

परंतु या सर्वांच्या आधी एक गोष्ट व्हावयास हवी आणि तिला पैसा लागत नाही. महिन्यातील एक ठरलेली वेळ सर्व्हरच्या देखभालीची म्हणून मालकाने आपल्या सहीने जाहीर करावी आणि त्या वेळेत सर्व्हर थांबविण्याचा अधिकार व्यवस्थापकाला लेखी द्यावा. आज त्याच्याकडे केवळ जबाबदारी आहे. अपडेट केले आणि काही अडले, तर दोष त्याचा. अपडेट केले नाही आणि घाला पडला, तरी दोष त्याचाच. अधिकाराविना जबाबदारी सोपविणे म्हणजे आगाऊच अपराधी निवडून ठेवणे होय. बॉयलरच्या परिचराला, वीजतंत्र्याला धोका दिसताच यंत्र बंद करण्याची मुभा कारखाना देतो. तीच मुभा जिन्याखालच्या खोलीत बसणाऱ्याला द्यावयास काय हरकत आहे?

आयुधपूजेच्या दिवशी कारागीर आपले हत्यार खाली ठेवतो. वर्षभर जे आपल्यासाठी राबले त्याला एक दिवस विसावा द्यावा, ते निरखून पाहावे, त्याची झीज ओळखावी, असा त्या प्रथेचा व्यावहारिक अर्थ आहे. सर्व्हरला कुंकू लावणाऱ्या हाताने हा अर्थही जाणला, तर पुढच्या नवमीला त्या कपाटापुढे फूल वाहण्यापूर्वी कोणीतरी त्याच्या देखभालीची वही उघडून पाहील आणि तिच्यात बारा महिन्यांच्या बारा नोंदी असतील.